बैलाचा पाय न लागलेला कोपरा

रंगूबाईचा तो कोपरा दिसायला काहीच नव्हता. शिराळ्याच्या पश्चिमेला डोंगर उतरत उतरत येतो आणि भाताच्या रानांत पाय सोडून बसतो, तिथं त्यांचं रान. रानाच्या वरच्या अंगाला ओढा, ओढ्याच्या काठाला जांभळ, आणि जांभळीच्या अलीकडं बांधाला चिकटून हा तुकडा. लग्नातल्या जेवणाची एक पंगत बसेल एवढाच. नवखा माणूस बघायचा आणि म्हणायचा, एवढं रान पडीक का ठेवलंय?

पडीक नव्हतं ते. रंगूबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला चूल दाखवली, पाणवठा दाखवला, आणि तिसऱ्या जागी ह्या कोपऱ्यात आणून उभं केलं. म्हणाली, "ह्या तुकड्यात बैलाचा पाय पडू द्यायचा न्हाई. बाकीच्या रानात पुरुषांचं चालतं. हितं आपलं."

कारण होतं ऋषीपंचमीचं. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. ज्यानं वर्षभर राबून खायला घातलं, त्याच्या घामाचा एक दिवस तरी घास नको, असा तो नेम. परसातलं अळू चालतं, भोपळा चालतो, काकडी, कणसं चालतात. पण भाताच्या मुलखात भाताशिवाय पोट भरल्यासारखं वाटत नाही. म्हणून ह्या घरातल्या बायकांनी कधीकाळी आपला वेगळा भात करायला घेतला. नांगराशिवाय, कुळवाशिवाय, नुसत्या हातानं.

त्याची रीतही वेगळी. उन्हाळ्याच्या शेवटाला, रान धुळीत असताना, काठीनं भोक पाडायचं, चार दाणे टाकायचे, वर माती सारायची. पाऊस आला की भात आपला उगवतो. चिखल करायचा नाही, रोपं लावायची नाहीत. तण आलं तर ते उपटायचंही नाही. विळ्यानं बुडाशी कापायचं आणि तिथंच ओळींच्या मधी अंथरायचं. कापणीला नुसत्या लोंब्या खुडायच्या, पेंढा रानातच पडू द्यायचा. सासू सांगायची, तण उपटलं की माती हलते, माती हलली की कष्ट झाले, आणि ऋषींना कष्टाचं चालत नाही. ह्यातलं ऋषींचं किती आणि सासूच्या कंबरेचं किती, हे रंगूबाईला पुढं तिची स्वतःची कंबर धरायला लागल्यावर कळलं.

पण त्या मातीला काय झालं होतं कोण जाणे. बाकीच्या रानातली माती तांबूस, ह्या कोपऱ्यातली काळपट. हात घातला तर मनगटापर्यंत जायचा. पावसाळ्यात सकाळी तिथं जमिनीवर बारीक बारीक मातीच्या गोळ्यांचे ढीग दिसायचे, कुणीतरी शेवया पाडायला बसलं होतं आणि अर्ध्यातनं उठून गेलं, तसे. ती गांडुळांची करणी. रातभर खाली माती खायची आणि वर आणून टाकायची. रंगूबाई त्या ढिगांवर पाय देत नसे. गांडुळांना ती बिऱ्हाडकरू म्हणायची. नव्या सुनेला ते बिऱ्हाड दाखवायला तिनं मुद्दाम भर पावसात नेलं होतं, आणि सून घरी येऊन शिंकत बसली होती.

रंगूबाईचा नवरा नाथाजी अबोल माणूस. बैलांशी बोलायचा, माणसांशी जेमतेम. त्याच्या बैलांना हा कोपरा असा पाठ झाला होता की नांगर जांभळीपाशी आला की त्यानं कासरा ओढायच्या आधीच ते वळायचे. एकदा भाकरी घेऊन गेलेल्या रंगूबाईनं ते बघितलं आणि तिला हसू फुटलं. तिला वाटलं, पंचमी आपण बायकाच पाळतो असं नाही.

नाथाजी गेला, बैल विकले गेले, आणि वाडीत एकेका दावणीला मोटरसायकली उभ्या राहिल्या. भातासाठी पॉवर टिलर आला. तेव्हा पंचमीला ओढ्यावर आघाड्याच्या काड्या घेऊन आंघोळीला जमलेल्या बायकांत मोठाच प्रश्न निघाला. काढला सुलाबाईनं. सुलाबाई म्हणजे रंगूबाईची भावकीतली जाऊ, आणि जन्माची मैत्रीण. तिचं म्हणणं असं की, आता वाडीत औषधाला बैल राहिला नाही. जे पिकतं ते इंजनानं पिकतं. म्हणजे सगळाच भात ऋषींचा. मग उपाशी कशापायी बसायचं?

बायकांना ते फार पटलं. तरी खात्री असावी म्हणून पूजेला आलेल्या भटजींना विचारलं. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला आणि सांगितलं की पोथीत ट्रॅक्टरचा उल्लेख नाही. उल्लेख नाही म्हणजे चालतो का चालत नाही, हे विचारेपर्यंत ते पुढच्या घरच्या गणपतीला निघून गेले होते.

त्या वर्षापासून वाडीत पंचमीला सरसकट भात शिजायला लागला. रंगूबाईनंही सगळ्यांबरोबर हसून घेतलं, आणि घरी येऊन आपल्या मडक्यातला, आपल्या कोपऱ्यातला भात शिजवला. सुलाबाई दर पंचमीला दारात येऊन डोकावायची आणि म्हणायची, "आमच्या पातेल्यात इंजन, आन् रंगूच्या वाटीत ऋषी." रंगूबाई म्हणायची, सुले, तुझ्या इंजनाला मीठ कमी पडलंय का बघ आधी.

लेक उदयसिंह फौजेतनं हवालदार होऊन घरी आला तेव्हा रंगूबाईच्या डोक्यावरनं डोंगर उतरला. किती वर्षं तिनं फोनच्या वाजण्याकडं कान लावून काढली होती. तो बर्फात असायचा तेव्हा ही इकडं उन्हाळ्यातही पायाला पांघरूण घ्यायची. आता तो घरी होता, धडधाकट होता, आणि सकाळी उठून रानात जात होता. शेती मात्र तो परेडसारखी करायचा. बांध सरळ, पाट सरळ, रोपांच्या ओळी दोरी लावून सरळ.

भांगलणीनं त्याला दमवलं. पूर्वी वाडीत पैरा चालायचा. आज साऱ्या बायका माझ्या रानात, उद्या तुझ्या. गाणी म्हणत, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत तण निघायचं. आता त्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या सुना इस्लामपूरला कंपनीत जात होत्या. उदयसिंहानं एक पावसाळा बायकोला, रेश्माला, घेऊन सगळं रान हातानं भांगललं. पुढं कितीतरी दिवस त्याला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. दुसऱ्या वर्षी त्यानं पाठीवर तणनाशकाचा पंप घेतला. त्याचं चुकलं असं कुणी म्हणू नये. भात चांगला येत होता.

बाकीचं जे झालं ते हळूहळू झालं, आणि रंगूबाईशिवाय कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. नांगरामागं पूर्वी बगळ्यांची वरात असायची. टिलरमागं ते यायचे, जरा चालायचे, मान वाकडी करून बघायचे आणि पलीकडच्या डबऱ्याकडं उडून जायचे. बांधाच्या बिळातले खेकडे कमी झाले. दरसाल चिखल घोटून घोटून वर लोणी आणि खाली फरशी अशी रानाची गत झाली. पाणी उतरलं की माती भेगाळायची, आणि ढेकूळ हातात घेतलं तर विटेसारखं वाजायचं. ढेकळात भोक नाही, मूळ नाही, की वळवळणारं काही नाही.

रंगूबाई हे बघायची आणि गप्प बसायची. जिवंत लेक घरी आलाय. त्याला मातीवरनं काय बोलायचं?

शिवाय तिचा कोपरा त्यानं कधी शिवला नव्हता. त्याला तो 'आईचा सेक्टर' म्हणायचा, आणि पंप घेऊन तिकडं वळला की चार हात आधीच थांबायचा. बैलांसारखाच, असं तिच्या मनात यायचं. पण लेकाला ते कसं सांगणार?

मग शिमग्याच्या सुमाराला ती बांधावरनं घसरली. गुडघ्याची वाटी मोडली. कराडला नेऊन ऑपरेशन केलं, घरी आणलं, हातात काठी दिली. काठीला खाली रबराचं बूड. उदयसिंहानं तिला उंबऱ्याच्या आत बसवलं आणि म्हणाला, "ह्या साली रानात पाऊल टाकायचं न्हाई. सांग, टाकणार न्हाई."

"टाकणार न्हाई," रंगूबाई म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. उन्हाळा संपेपर्यंत तिचा तो विचार टिकलाही.

पण रान धुळीला आलं, आणि तिला झोप लागेना. सासूनं दिल्यापासून त्या कोपऱ्यात एकही साल खंड पडला नव्हता. नाथाजी गेला त्या सालीसुद्धा नाही. भाताचं बी राखेत घालून मडक्यात ठेवलेलं होतं. अर्धं पेरायला, अर्धं पंचमीला. मडकं चुलीमागं, आणि ती मडक्यासमोर, अशा दोघी दिवसभर एकमेकींकडं बघत बसायच्या.

शेवटी रेश्माच म्हणाली. चुलीशी भाकरी थापता थापता, वर न बघता. "आत्या, हे उद्या साताऱ्याला मिलिटरीच्या कँटीनला जायचेत. संध्याकाळशिवाय येत न्हाईत."

"मग?"

"मग काय न्हाई. स्कूटी बांधापतुर जातीय, एवढंच म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. रंगूबाईला गुडघा वाकवता येत नव्हता, म्हणून रेश्मानं खताचं रिकामं पोतं आणलं होतं. त्यावर पाय पसरून ती बसली आणि हातावर रेटा देत देत मागं सरकायला लागली. काठीचं रबर तिनं उपसून बाजूला टाकलं. काठीच्या टोकानं भोक, भोकात चार दाणे, वर माती. रान एवढं मऊ की काठी आपली आपण आत जायची. रेश्मा बी देत होती आणि हसू दाबत होती. म्हणाली, पाऊल तर तुमी टाकलंच न्हाई. रंगूबाई म्हणाली, बसून गेलं तर शब्द मोडत न्हाई. दोघींनाही माहीत होतं की मोडतो. म्हणून तर एवढं हसू येत होतं.

रबर परत लावायचं राहिलं. तिथंच कुठंतरी धुळीत गेलं.

पाऊस वेळेवर आला. रेश्मा शेण टाकायच्या निमित्तानं जाऊन बघून यायची आणि सांगायची, उगवलंय, वीतभर झालंय, तणही झालंय. रंगूबाई म्हणायची, तण असू दे. पुढच्या कँटीनच्या वारीला जाऊन विळ्यानं कापू आणि अंथरू. तोवर भाताला तेवढीच सोबत.

पावसानं उघडीप दिली त्या दिवशी उदयसिंह दुपारी जेवायला बसला तो खुशीत होता. पहिला घास खाऊन म्हणाला, "आई, तुझ्या कोपऱ्यात लय तण माजलं हुतं. म्हटलं, काठी टेकत कवातरी येशील आन् बघशील, तर तुझ्या जिवाला लागंल. बांधावर मारायचं सरसकट जाळणारं औषध शिल्लक हुतं. ते मारून साफ करून टाकलं. आता गुडघा बरा कर, आन् पुढच्या साली परत पेर."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. रेश्मानं ती उलटलीच नव्हती. रंगूबाईनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला होता, तो तिथंच विरघळला.

लेकाच्या तोंडाकडं तिनं बघितलं. लहानपणी पाणी भरून आणलं की असंच तोंड करून तो शाबासकीची वाट बघायचा.

"बरं केलंस, लेका," ती म्हणाली.

चार-आठ दिवसांनी रेश्मानं तिला बांधापाशी नेलं. कोपरा पिवळा पडला होता. तण पिवळं आणि भातही पिवळा. ऋषींच्या भाताला औषधानं काही वेगळं मानलं नव्हतं. रंगूबाई पोत्यावर बसली आणि खुरप्यानं माती उलटली. एका जागी काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. गांडुळं मेली, खोल गेली की बिऱ्हाड उचलून बांधाकडं गेली, हे तिला सांगता येईना. औषधानं गेली की डोक्यावरची सावली गेल्यामुळं, तेही कळेना. सकाळचे ते शेवयांचे ढीग मात्र कुठंच नव्हते. बांधाच्या कडेला, जिथं फवारा पोचला नव्हता, तिथल्या गवताच्या मुळाशी तिला एक सापडलं. लांबलचक, ओलं, घाईत असलेलं. तिनं त्याच्यावर माती सारली.

"सांगू का मी त्यास्नी?" रेश्मानं विचारलं.

"नगं. त्यानं माझ्या जिवासाठी केलं. आपण त्याच्या माघारी केलं. आता कुणी कुणाला बोलायचं?"

उरलं होतं ते मडक्यातलं पंचमीचं बी. रेश्माचं मत, ते तसंच ठेवावं आणि पुढच्या सालीच पेरावं. पण रंगूबाईला मडक्यातल्या किड्यांचा भरवसा नव्हता, आणि स्वतःचाही फारसा नव्हता. आत्ता पेरलं आणि ते उगवलं नाही, तर सासूपासनं चालत आलेलं बी तिच्या हातानं संपणार होतं. नाही पेरलं तरी बहुधा संपणारच होतं, फक्त गुपचूप. दोन दिवस तिनं मडक्यावर हात ठेवून विचार केला. मग रेश्माला म्हणाली, बांधाची माती आण.

रेश्मानं स्कूटीवरनं पिशव्या भरून बांधाची माती आणली. न्हाणीच्या मागं एक फुटकं घमेलं आणि दोन तुटक्या बादल्या होत्या, त्यांत ती भरली. मातीत एक गांडूळ निघालं, ते तिनं तळहातावर घेऊन सासूला असं दाखवलं, जसं काही बारशाला आणलंय. मडकं रिकामं करून सगळं बी त्यात टाकलं. रोप तयार करायचं आणि मग कोपऱ्यात नेऊन लावायचं. ह्या घराच्या ऋषीच्या भाताला कधी कुणी रोपानं लावलं नव्हतं. पण ऋषींनीही कधी तणनाशक बघितलं नव्हतं.

उदयसिंहानं विचारलं तेव्हा रंगूबाईनं सांगितलं, कोथिंबीर पेरलीय.

माणूस खोटं बोलताना निदान पिकाचा अंदाज घेऊन बोलतो. तिला तेही सुचलं नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी तो न्हाणीपाशी पाय धूत होता. म्हणाला, आई, तुझी कोथिंबीर लय उंच चाललीय. त्यानं वाकून एक पात चिमटीत धरली आणि बोटं शेंड्याकडनं खाली ओढली. भाताची पात उलटी ओढली की करवतीसारखी लागते. शेतकऱ्याच्या पोराला ती डोळे मिटूनही कळते. तो तसाच उकिडवा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी पाऊस रिपरिपत होता. रंगूबाई सोप्यात बसली होती. उदयसिंह रानातनं आला, भिजलेला, आणि तिच्यासमोर जमिनीवर काहीतरी ठेवलं. काठीचं रबराचं बूड.

"जांभळीखाली सापडलं," तो म्हणाला. "पेरलं हुतंस तू."

"व्हय."

"मी जाळलं."

रंगूबाईनं रबर उचललं, लुगड्याला पुसलं आणि काठीला बसवायला लागली. ते बसेना.

"मला बोलली का न्हाईस आई? चार शिव्या द्यायच्या हुत्यास."

"तू तिकडं बर्फात हुतास, तवा मी देवाला रोज म्हणायची, ह्याला तेवढा घरी आण, मी परत काय मागणार न्हाई. आता कोपरा मागायला गेली तर देव म्हणंल, ही म्हातारी शब्दाची कच्ची हाय."

उदयसिंहानं तिच्या हातातनं काठी घेतली. रबर दाबून बसवायला त्याला उगाचच वेळ लागला. मान खाली घालूनच तो म्हणाला, "देवाकडं नगंच मागू. माझ्याकडं माग."

"मग तितं चिखल करू नगंस. औषध न्हाई, आन् टिलर बी न्हाई. एवढंच."

"एवढंच?"

"आन् मला ने."

त्यानं नेलं. पण पोत्यावर नाही. माळ्यावर फणसाची एक जुनी फळी होती, तिच्या खाली त्यानं दोन गुळगुळीत पट्ट्या ठोकल्या आणि वर जुन्या कांबळ्याचा तुकडा अंथरला. त्यावर बसून रेटा दिला की ती गवतावरनं सहज सरकायची. रंगूबाई त्या फळीवर बसली तेव्हा आडबांधावरनं सुलाबाईनं बघितलं आणि ओरडून विचारलं की ही गाडी कुठवर जाते. रंगूबाईनं सांगितलं, पंचमीपतुर.

उदयसिंहानं ओळी सरळ याव्यात म्हणून दोरी आणली होती. रंगूबाईनं ती दोरी त्याला जांभळीला टांगायला लावली. ती काठीनं भोक पाडायची, तो त्यात रोप सोडायचा, रेश्मा मेलेलं तण ओळींच्या मधी सारून द्यायची. माती वरनं करपली होती, पण काठी अजून तशीच आत जात होती. उदयसिंहानं बघितलं, पाऊस पडत होता आणि बाजूच्या चिखलात पाणी तुंबून होतं, पण ह्या कोपऱ्यात पडेल ते पाणी खाली जात होतं.

"हितं पाणी उभं ऱ्हाईना," तो म्हणाला.

"त्याला खाली वाट हाय. तुझ्या रानात वाट हुती, ती बुजली." हे बोलल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच बोलले. म्हणून तिनं लगेच जोडलं, "माझ्या गुडघ्यागत."

तो हसला नाही. पण त्यानं पुढचं रोप फार हळू सोडलं.

सगळी रोपं जगली नाहीत. फवाऱ्याचा जोर जिथं जास्त पडला होता तिथली खुरटली. बांधाकडच्या अंगाची मात्र सावरली, फुटवे धरले. पंचमी आली तेव्हा कोपरा अर्धा हिरवा, अर्धा विरळ होता, नुकते केस यायला लागलेल्या बाळाच्या टाळूसारखा.

त्या पंचमीला घरात ऋषींचा भात नव्हता. मडकं उपडं ठेवलं होतं. रंगूबाईनं परसातल्या भाज्यांची मिसळ केली, अळू, भोपळा, कणसाचे तुकडे, आणि तेवढंच ताटात घेतलं. उदयसिंह तिच्याशेजारी येऊन बसला. त्याला रेश्मानं नेहमीचा भात वाढला, तो त्यानं बाजूला सारला. पुरुषांना हा नेम नाही, असं रंगूबाईनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, पुरुषांना असं कुठं लिवलंय? पोथीत ट्रॅक्टरचा बी उल्लेख न्हाई.

एवढ्यात सुलाबाई दारात आली. डोकावली, उपडं मडकं बघितलं, आणि तिच्या जिभेवर जे काही होतं ते तिनं गिळलं. पदराखालनं एक वाटी काढून रंगूबाईच्या पुढ्यात ठेवली. वरी होती शिजवलेली. जावयाकडनं आणली, म्हणाली, डोंगरात कुदळीनं करतात, बैल न्हाई, इंजन न्हाई. आयुष्यभर ज्या गोष्टीची चेष्टा केली, तिच्यासाठी ती दोन गावं विचारत फिरली होती. रंगूबाईनं वाटीतला घास घेतला. मीठ कमी होतं. तिनं वाटी पुसून खाल्ली.

जेवण झाल्यावर ती फळीवर बसून कोपऱ्यात गेली, विळा घेऊन. तण बुडाशी कापून अंथरत अंथरत बांधाकडच्या कडेला पोचली आणि तिचा हात थांबला. बांधाला लागून, भाताच्या बुडख्याशी, मातीच्या बारीक गोळ्यांचा एक ढीग होता. मग आणखी एक, वीतभर आत. त्याच्यापुढं काही नव्हतं. तिनं हाक मारली नाही, कुणाला दाखवलं नाही. फळी मात्र तिनं मोठा वळसा घालून मागं घेतली.

दिवाळीनंतर लोंब्या खुडल्या. मडकं गळ्यापर्यंत भरलं नाही, पण पोट भरलं त्याचं. ते सगळंच बियाला ठेवलं. फक्त एक मूठ तिनं उखळात कांडली, शिजवली आणि लेकाच्या पानात वाढली. तो खाताना ती बघत होती. त्यानं विचारलं, चालतं का मला? ती म्हणाली, जाळणाऱ्यानं एकदा चव तरी घ्यावी.

ह्या वर्षी रोहिण्या लागायच्या आत उदयसिंहानं बांध आणि रान साफ करायला पुन्हा पंप काढला. बाकीचं रान त्याला एवढ्यात हातानं भांगलायला जमणार नाही, हे तो जाणून होता, आणि रंगूबाईही जाणून होती. पण निघताना तो सोप्यात थांबला आणि म्हणाला, आई, चल. कुठवर मारायचं ते तूच दाखव.

रंगूबाई आता काठीवर चालत होती. बांधावरनं ती जांभळीपर्यंत गेली, तिथनं परत फिरली, आपल्या कोपऱ्याच्या हद्दीशी आली आणि तिथं न थांबता आणखी पुढं गेली. उदयसिंहाच्या सरळ रेषेतल्या रानात बरीच आत शिरल्यावर ती थांबली आणि काठी आडवी टाकली.

"हितं."

उदयसिंहानं काठीकडं बघितलं, कोपऱ्याकडं बघितलं. मधे एक चांगला वाफाभर रान होतं.

"काठी लय लांब पडली आई तुझी."

"म्हातारीचा हात. नेम कुठला?"

त्यानं पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा केला, वळला, पलीकडच्या टोकापासनं मारत आला आणि काठीच्या चार हात अलीकडंच त्यानं फवारा बंद केला.